दिव्यांग विद्यार्थ्याची ओजेटी: सोय कधी मागायची, कुणाकडे आणि कशी

ओजेटी म्हणजे ऑन-द-जॉब ट्रेनिंग, अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून ऑफिसात, दुकानात किंवा कारखान्यात जाऊन प्रत्यक्ष काम शिकणं. कॉलेजात त्याच्या समन्वयाचं काम माझ्याकडे आलं त्या पहिल्याच वर्षी मी एका अल्पदृष्टी विद्यार्थिनीला सांगलीतल्या एका करसल्लागाराच्या ऑफिसात पाठवलं, आणि तिच्या दृष्टीबद्दल त्यांना मुद्दाम काही सांगितलं नाही. आधी सांगितलं तर नकार येईल, एकदा तिचं काम बघितलं की आपोआप पटेल, असा माझा हिशोब. पहिल्या दिवशी तिने फिकट शाईतलं बिल नाकाजवळ धरलं. सर मायेने म्हणाले, "राहू दे बाळा, डोळ्यांना त्रास नको." पुढचे तीन आठवडे ती कागदांना पंचने भोकं पाडून फायली लावत होती. शेवटी प्रमाणपत्रावर शेरा आला: उत्कृष्ट. तिला काम जमलं नाही असं कुणी म्हणालं नाही, कारण काम दिलंच नव्हतं.

त्यात चूक माझीही होती. त्यानंतर सांगली, मिरज, कुपवाडच्या ऑफिसांत, दुकानांत आणि कारखान्यांत मुलं पाठवताना जी पद्धत बसत गेली ती इथे मांडते. लेख मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी आहे. मालकांनी आणि माझ्यासारख्या समन्वयकांनीही वाचायला हरकत नाही. या पद्धतीचं सूत्र एकच आहे. सोय मागताना आजारापासून सुरुवात करू नका, कामापासून करा. "मला कमी दिसतं" म्हटलं की समोरच्याला दया येते. "हाताने लिहिलेली बिलं मला फोटो काढून मोठी करून वाचावी लागतात, तेवढी परवानगी हवी" म्हटलं की तो फक्त हो किंवा नाही म्हणू शकतो, आणि बहुतेक वेळा हो म्हणतो.

आधी कामाची फोड

ओजेटी सुरू व्हायच्या निदान दीड महिना आधी वहीत चार रकाने आखा. पहिल्यात काम. दुसऱ्यात ते नेमकं कुठे अडतं. तिसऱ्यात तेच काम घरी किंवा कॉलेजात आज कसं करता. चौथ्यात मालकाकडून काय लागेल.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानाचं उदाहरण घेऊ. "अकाउंट्सचं काम" असं लिहून काही कळत नाही. तिथे खरं काम असतं ते असं: सौद्याच्या वेळी उभं राहून बोली टिपणं, वजनाच्या चिठ्ठ्या गोळा करणं, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, बनवणं, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद घालणं, आणि दिवसभर फोनवर भाव सांगणं. कर्णबधिर मुलाची यातली बोली आणि फोन ही दोनच कामं अडतात. पट्टी आणि टॅली तो कदाचित इतरांपेक्षा नीट करील, कारण भोवतीचा कल्ला त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे मागणी "मला कमी काम द्या" अशी नाही. "बोली दुसऱ्याने टिपावी, त्याच्या वाटच्या पट्ट्या मी लिहितो" अशी अदलाबदल आहे. शेठला अदलाबदल कळते, त्याचा धंदाच तो आहे.

तिसरा रकाना मुलं हमखास मोकळा सोडतात, आणि खरा जीव त्यातच आहे. तो भरला की चौथा रकाना निम्मा रिकामाच राहतो, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

कागदपत्रं आणि कायदा, लागेल तेवढाच

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज आजच करा. तपासणीच्या तारखेला वेळ लागतो. ते कार्ड प्रवासालाही उपयोगी पडतं. एसटीत दिव्यांगांना भाड्यात 75 टक्के सवलत आहे. वडापवाला, म्हणजे खाजगी जीपवाला, मात्र कार्ड बघत नाही, तेव्हा खर्चाचा हिशोब एसटीच्या वेळापत्रकावर मांडा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 सालचा, लागू झाला 19 एप्रिल 2017 पासून. जुन्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, यात 21 आहेत. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे सगळे त्यात येतात. कायद्यात "रिझनेबल अकॉमोडेशन" अशी कल्पना आहे, आपण तिला वाजवी सोय म्हणू: त्या माणसाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून केलेला आवश्यक बदल, जो देणाऱ्यावर अवाजवी बोजा टाकत नाही. आणि अशी सोय नाकारणं हा कायद्याच्या व्याख्येनुसार भेदभावच आहे.

"माझं अपंगत्व 40 टक्के भरत नाही, मग मला सोय मागता येईल का?" हा प्रश्न दरवर्षी येतो. 40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांना आहे. वाजवी सोयीला ती लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात स्पष्ट केलं. लिहिताना हात आखडण्याचा त्रास असलेल्या उमेदवाराने लेखनिक मागितला होता, त्याचा तो निकाल.

आता एक बारीक पण कामाचा मुद्दा. इंटर्न हा कर्मचारी की विद्यार्थी, यावर ऑफिसात वाद घालत बसू नका. नोकरीच्या ठिकाणी वाजवी सोय देण्याचं थेट बंधन कलम 20 ने सरकारी आस्थापनांवर घातलंय. खाजगी आस्थापनेला कलम 21 खाली समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, आणि 20 किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यात सोयीसुविधांचा तपशीलही द्यावा लागतो. पण तुम्ही आधी विद्यार्थी आहात. कलम 16 प्रमाणे सरकारमान्य शिक्षणसंस्थेने प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या गरजेनुसार वाजवी सोय द्यायची आहे, आणि ओजेटी हा क्रेडिट असलेला अभ्यासक्रमाचाच भाग आहे. म्हणून पहिली चिठ्ठी कॉलेजच्या समन्वयकाला द्या. जागा शोधणं, मालकाशी बोलणं, जागा बदलून देणं ही कॉलेजचीही जबाबदारी आहे. आम्हाला ती आठवण करून द्यायला लाजू नका.

सांगायचं कधी

माझं मत: निवड झाल्यावर आणि पहिल्या दिवसाच्या आधी. अर्जातच लिहिलं तर छोट्या ऑफिसात भीतीपोटी फोनच येत नाही. पहिल्या दिवशी सांगितलं तर सोय करायला वेळ मिळत नाही, मग भोकं पाडायला बसवतात. चाकाची खुर्ची किंवा कुबडी वापरणाऱ्यांना लपवालपवीचा प्रश्नच नाही. त्यांनी मुलाखतीलाच कामावर बोलावं.

सांगायचं किती, हेही ठरवा. निदान, औषधं, टक्केवारी हे मालकाला कळायलाच हवं असं नाही. मानसिक आजाराच्या बाबतीत तर मी मुलांना आजाराचं नाव न घेण्याचाच सल्ला देते. "महिन्यातून एकदा तपासणीसाठी अर्धा दिवस लागतो आणि कामाच्या सूचना लेखी मिळाल्या तर चूक होत नाही" एवढं पुरतं. बाकीचं कॉलेजच्या फायलीत राहू द्या.

जागा बघायला जा, आणि गर्दीच्या वेळी जा

रविवारी सगळी ऑफिसं शांत आणि सोयीची दिसतात. सोमवारी सकाळी अकराला जा, टेप घेऊन जा.

आपल्याकडे बहुतेक दुकानांना दोन-तीन पायऱ्यांचं जोतं असतं. पावसाचं आणि गटारीचं पाणी आत येऊ नये म्हणून ते उचललेलं असतं, कुणाला अडवायला नाही. पण अडतं ते अडतंच. उताराचं प्रमाण 1 ला 12 धरा: सहा इंचाची एक पायरी असेल तर सहा फूट लांब उतार. तीन पायऱ्यांना अठरा फूट लागतो, तेवढी जागा रस्त्यावर नसते, म्हणजे तिथे उताराचा हट्ट धरण्यात अर्थ नाही, मागचं दार किंवा दुसरी जागा बघा. एका पायरीसाठी मात्र कुपवाडचा कुठलाही फॅब्रिकेशनवाला चेकर्ड प्लेटचा उचलता येणारा उतार करून देतो. चाकाची खुर्ची आत जायला दार 900 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट मोकळं हवं. टेबल बसकं असेल तर त्याच्या पायांखाली चार विटा ठेवल्या की गुडघे आत जातात. हसू नका, दोन ठिकाणी हीच "सोय" झाली आणि महिनाभर टिकली.

संडास बघितल्याशिवाय परत येऊ नका. याबद्दल बोलायला मुली संकोचतात, आणि मग दिवसभर पाणी न पिता काम करतात. कमोड नसेल तर घडीची कमोड खुर्ची चालते. मिरजेत दवाखान्यांच्या आसपासच्या दुकानांत मिळते. गावभागातल्या जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर ऑफिस, दोरी धरून चढायचा जिना आणि लिफ्ट नाही, असं असेल तर खालच्या खोलीत टेबल मिळेल का, हे तिथल्या तिथे विचारा. मिळणार नसेल तर जागा बदला. वेळ आहे तोवर बदलणं सोपं.

ओजेटी पावसाळ्यात असेल तर आणखी एक गोष्ट आधी ठरवा. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. 2019 आणि 2021 चा पूर आपण सगळ्यांनी पाहिलाय. ज्याला पटकन हलता येत नाही त्याने 40 फुटांची वाट बघायची नाही. पाणी चढायला लागलं की काम घरून, हे पत्रातच लिहून घ्या.

पत्र

तोंडी ठरलेलं साहेब विसरतात, आणि साहेब बदलले तर संपलंच. एक पान पुरे. नमुना देते:

"सप्रेम नमस्कार. मी बी.कॉम.ची विद्यार्थिनी आपल्याकडे 120 तासांची ओजेटी करणार आहे. मला कमी दिसतं. संगणकावर अक्षरं मोठी करून मी टॅलीत नोंदी, एक्सेल आणि पत्रव्यवहार करते. आपल्याकडच्या कामात मला तीन गोष्टी लागतील. 1) हस्तलिखित बिलांचे मोबाईलवर फोटो काढून वाचण्याची परवानगी, फोटो रोज संध्याकाळी तुमच्यासमोर पुसून टाकीन. 2) खिडकीकडे पाठ होईल अशी बसायची जागा, कारण समोरून आलेल्या उजेडात पडदा दिसत नाही. 3) बँकेत जाण्याऐवजी त्या वेळात दुसरं काम. पंधरा दिवसांनी आपण दहा मिनिटं बसून हे पुरतं का ते पाहू. कॉलेजच्या समन्वयकांना प्रत दिली आहे."

यातलं फोटो पुसण्याचं वाक्य बघा. कर सल्लागाराची खरी धास्ती पक्षकारांची माहिती बाहेर जाण्याची असते, डोळ्यांची नसते. मालकाची भीती ओळखून तिचं उत्तर पत्रातच दिलं की निम्मं काम होतं.

कुणाला काय उपयोगी पडतं

*दृष्टी.* पूर्ण अंध विद्यार्थ्यासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, मराठीही वाचतो. पण ऑफिसातल्या जुन्या मराठी फायली श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेल्या असतील तर तो त्यातली इंग्रजी अक्षरं वाचत सुटतो आणि कुणालाच काही कळत नाही. वकिलांकडे आणि डीटीपीवाल्यांकडे हे हमखास. फाइल युनिकोडमध्ये बदलून मागा. बदलून देणारी साधनं नेटवर आहेत. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे स्क्रीन रीडरला कोरा कागद, तिचं आधी ओसीआर करावं लागतं, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात बदलून घ्यावी लागतात. टॅली किंवा ऑफिसचं दुसरं सॉफ्टवेअर तुमच्या स्क्रीन रीडरबरोबर चालतं का, हे जागा बघायला जाल तेव्हाच अर्धा तास बसून तपासा. तिथे अडलं तर काम एक्सेलमध्ये वळवता येतं, पण ते आधी कळलं पाहिजे.

अल्पदृष्टी असेल तर विंडोजचं बटण आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबलं की मॅग्निफायर उघडतो. टॅलीत माउस शोधत बसण्यापेक्षा कळा पाठ करा: एफ5 पेमेंट, एफ6 रिसीट, एफ7 जर्नल, एफ8 सेल्स, एफ9 पर्चेस. डोळस मुलांपेक्षा हात वेगाने चालतो. ओटीपी आणि कॅप्चाच्या जागी मात्र शेजारच्याची मदत लागू शकते. ती मदत कोण करणार हे नावानिशी ठरवून ठेवा.

*ऐकणं.* इथे सर्वांत मोठी सोय फुकट आहे: कामाच्या सूचना व्हॉट्सॲपवर. गुगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे ॲप मराठी बोलणं पडद्यावर उमटवतं. एका माणसाशी शांत खोलीत ते छान चालतं; मशीनच्या आवाजात, किंवा चार जण एकदम बोलायला लागले की गोंधळतं. म्हणून बैठकीत एकेकाने बोलायचं आणि शेवटी ठरलेले मुद्दे लिहून द्यायचे. ओठ वाचणाऱ्या मुलाकडे तोंड करून बोला, ओरडू नका. ओरडलं की ओठांचा आकार बिघडतो. आणि भरघोस मिशांमागचे ओठ वाचता येत नाहीत, हे एका शेठना मी जपून सांगितलं. ते खळखळून हसले आणि पाटी-पेन्सिल घेऊन आले.

कारखान्यात मात्र थट्टा नाही. कुपवाड, मिरज एमआयडीसीत मुलगा पाठवताना मी दोनच प्रश्न विचारते. भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवा आहे का? आणि फोर्कलिफ्टच्या वाटेवर त्याला उभं करणार का? पहिल्याचं उत्तर नाही असेल तर आग-अपघाताच्या वेळी त्याच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर नेणारा सोबती प्रत्येक पाळीत ठरलेला हवा.

*वाचन-लेखनाची अडचण.* तोंडी सूचना फोनवर ध्वनिमुद्रित करू द्या, आकडे दोनदा तपासायला वेळ द्या, आणि इतरांसमोर मोठ्याने वाचायला सांगू नका. गुगल डॉक्समध्ये मराठी बोलून टाइप करता येतं.

*हात.* एका हाताने टाइप करणाऱ्याने शिफ्टची कळ पाचदा दाबली की स्टिकी कीज सुरू होतात, मग दोन कळा एकत्र दाबाव्या लागत नाहीत.

*थकवा, रक्त, औषधं.* 4 क्रेडिटचे 120 तास सहा तासांप्रमाणे वीस दिवसांत होतात, तसेच चार तासांप्रमाणे तीस दिवसांतही होतात. थॅलेसेमियाच्या मुलाला रक्त चढवायच्या तारखा आधी माहीत असतात, त्या वेळापत्रकात धरूनच सुरुवात करा. मग ती रजा ठरत नाही. दुपारी इन्सुलिन किंवा गोळी घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ पक्की करून घ्यावी. सौद्याच्या दिवशी यार्डात कुणालाच जेवणाचं भान नसतं.

पहिले पंधरा दिवस

पहिल्या आठवड्यात मी जात नाही. मुलांना आणि मालकांना एकमेकांची सवय होऊ द्यावी लागते. दहाव्या-बाराव्या दिवशी जाते आणि मुलाला एकट्याला विचारते, "काल सकाळपासून काय केलंस, क्रमाने सांग." "बरं चाललंय" हे उत्तर धरायचं नाही. क्रमाने सांगताना चहा आणणं, झेरॉक्स, फायली असं येऊ लागलं की समजायचं, काम काढून घेतलंय. वाईट हेतूने नाही, बहुतेकदा मायेनेच. तेव्हा पत्र पुढे ठेवायचं आणि पहिल्या रकान्यातलं एक काम, एकच, उद्यापासून मागायचं. सगळं एकदम मागितलं की माणूस बिचकतो.

विद्यार्थ्यांनी रोजची नोंदवही काटेकोर ठेवावी: काम, वेळ, कुठे अडलं, काय केलं.

नकार आला तर

नकाराचे प्रकार असतात. "जमणार नाही" आणि "कसं जमवायचं कळत नाही" यांत फरक आहे. दुसऱ्याला उत्तर देता येतं. पर्याय सुचवा, आठवडाभर करून बघू म्हणा. तरी नाहीच, तर कॉलेजला लेखी कळवा आणि जागा बदलून मागा. 120 तासांसाठी भांडणात महिना घालवू नये असं मला वाटतं, पण तो निर्णय तुमचा. कॉलेजच हात झटकत असेल तर समान संधी कक्ष, मग प्राचार्य, सगळं लेखी. सरकारी कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी नेमणं कलम 23 ने बंधनकारक आहे. त्यापुढे पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे मालकाला सुरुवातीलाच ऐकवू नका. चर्चेचं दार तिथेच बंद होतं.

छळ असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मुदत देत बसायचं नाही. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात. दहापेक्षा कमी माणसांचं ऑफिस असेल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

गुणांचा तक्ता

सगळं नीट होऊनही मुलाचे गुण जातात ते इथे. मालकाला भरायला दिलेल्या तक्त्यात "संभाषण कौशल्य", "चपळता", "नियमित उपस्थिती" असे रकाने असतात. कर्णबधिर मुलाला संभाषणात दहापैकी चार मिळतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आमच्याकडे "संभाषण" खोडून "संपर्क, तोंडी वा लेखी" केलं. "चपळता"च्या जागी "ठरलेल्या वेळेत काम पूर्ण". उपस्थितीत आधी कळवलेल्या तपासणीचे दिवस धरायचे नाहीत. हा बदल ओजेटी सुरू होण्याआधी करून घ्या, गुण लागल्यावर काही होत नाही. तोंडी परीक्षेला दुभाष्या किंवा लेखी उत्तरांची सोय लागणार असेल तर तीही आत्ताच लिहून द्या.

प्रमाणपत्राचा मजकूर मालकावर सोडू नका, नोंदवहीतून स्वतः टाइप करून न्या, ते सही करतात. "मेहनती व गुणी" असला शेरा कुठल्याच मुलाखतीत चालत नाही. त्या पहिल्या मुलीला पुढच्या सत्रात आम्ही दुसऱ्या ऑफिसात पाठवलं, पत्र घेऊन. तिच्या दुसऱ्या प्रमाणपत्रावर विशेषण एकही नाही. खरेदीच्या बिलांची टॅलीत नोंद केली, बँक ताळमेळ लावला, जीएसटी विवरणासाठी एक्सेलचा तक्ता तयार केला. खाली सही आणि शिक्का.